चिखलातलं कमळ म्हणाले ना तुला, त्यावरून

बाळा, जय भीम.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस काही नाही गं आई, थकलेय फक्त, आणि मीही बरं झोप म्हणून फोन ठेवला, पण सत्कार झालेल्या दिवशी पोरगी एवढी गप्प कशी हे काही डोक्यातून जाईना. सकाळी तुझ्या मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला, तो मी तीनदा बघितला. पाहुणे माइकवर म्हणतात चिखलातून उगवलेलं हे कमळ आहे, सगळे टाळ्या वाजवतात, आणि तू स्टेजवर मान खाली घालून मांडीवरच्या हाराकडे बघत बसलेली. तिसऱ्या वेळी मी फक्त तुझा चेहरा बघितला आणि काय टोचलं ते मला कळलं.

त्यांच्या मनात वाईट नसेल हे मी मान्य करते. कौतुकच करायचं होतं त्यांना. पण मग चिखल कोण हा प्रश्न पडणारच ना. तुझी आजी, जिला अक्षर येत नव्हतं पण जिने पाचही पोरांना शाळेत घातलं, ती चिखल? तुझे बाबा, डबल शिफ्ट करून आले तरी तुझ्या वह्यांना कव्हर घालायला बसायचे ते? आपली गल्ली, जिथे तुझी दहावी होती म्हणून शेजारच्यांनी महिनाभर टीव्हीचा आवाज वाढवला नाही? त्या एका वाक्यात तुला वर उचललं आणि आम्हा सगळ्यांना खाली ढकललं, आणि तुला त्यावर थँक यू म्हणावं लागलं. मला फार लागलं गं ते, तुझ्यापेक्षा जास्तच.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, मधेच गळा भरून येतो, म्हणून लिहितेय. लांब होईल, एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल.

सगळ्यात आधी, कमळ ही गोष्ट कुणी स्टेजवरून आपल्याला द्यावी अशी नाहीच, ते आपल्या घरात आहे. लहानपणी विहारात फुलं वाहताना तू डोळे घट्ट मिटून मोठ्याने म्हणायचीस, पूजयामि मुनिन्दस्स सिरीपाद सरोरुहे, आणि सरोरुहे आलं की हमखास अडखळायचीस. सरोरुह म्हणजे सरोवरात उगवलेलं, म्हणजेच कमळ. रंग, गंध, गुण असलेली ही फुलं मी मुनिंद्राच्या कमळासारख्या पावलांशी वाहते, असा अर्थ. हातात फूल कुठलं पण असू दे, वाहायचं ते कमळापाशी. त्याच गाथेच्या शेवटच्या ओळीत जे आहे ते मी नंतर सांगते, कारण ते मला स्वतःला कळायला चाळीस वर्षं लागली.

आता भगवंतांनी स्वतः कमळाबद्दल काय म्हटलंय ते बघ. अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली ग्रंथात, एक छोटंसं सुत्त म्हणजे प्रवचन आहे, दोण सुत्त, पावसाळ्यातल्या वर्षावासात भंतेजींनी सांगितलं होतं तेव्हापासून माझं ते सगळ्यात आवडतं. भगवान उक्कट्ठा आणि सेतव्य या दोन गावांमधल्या रस्त्याने चालले होते आणि मागून दोण नावाचा एक ब्राह्मण येत होता. त्याला रस्त्यावर पावलांचे ठसे दिसले, त्यात हजार आऱ्यांचं चक्र. तो म्हणाला ही माणसाची पावलं नसणार. ठशांच्या मागोमाग गेला तर भगवान एका झाडाखाली शांत बसलेले. त्याने विचारलं आपण देव आहात का, नाही. गंधर्व, नाही. यक्ष, नाही. मग माणूस, तर तेही नाही. बिचारा गोंधळला, म्हणाला मग आहात तरी कोण. तेव्हा भगवान म्हणतात की जसं उप्पल, पदुम किंवा पुंडरीक, म्हणजे कुठलंही कमळ, पाण्यात जन्मतं, पाण्यात वाढतं, पाण्याच्या वर येऊन उभं राहतं आणि त्याला पाणी चिकटत नाही, तसा मी या जगात जन्मलो, जगात वाढलो आणि जगाच्या वर उठून राहतो, जग मला चिकटत नाही, मला बुद्ध समज.

परत वाच बाळा. त्यात चिखल कुठे आहे? चिखल हा शब्दच नाही त्यात. पाणी आहे. आणि पाणी म्हणजे जग, अख्खं जग, झोपडीतलं पण आणि बंगल्यातलं पण.

आणि हे म्हणतंय कोण ते बघ ना. शुद्धोदनाचा मुलगा. अंगुत्तर निकायातच दुसऱ्या एका ठिकाणी भगवान आपल्या लहानपणाबद्दल सांगतात की मी फार लाडात, फार नाजूक वाढलो, माझ्या वडिलांच्या घरी खास माझ्यासाठी कमळांची तळी केली होती, एकात उप्पल, एकात पदुम, एकात पुंडरीक. म्हणजे निळी, लाल आणि पांढरी. आता विचार कर, ज्याच्या अंगणात कमळांची तळी होती तो माणूस स्वतःला पाण्यातून वर आलेलं कमळ म्हणतोय. तर मग तो कशातून वर आला? गरिबीतून तर नाही. तो वर आला तृष्णेतून, द्वेषातून, मोहातून, आणि ते पाणी राजवाड्यात पण तेवढंच खोल असतं. म्हणजे चिखलातलं कमळ याचा अर्थ गरीब घरातली हुशार मुलगी असा जो लोकांनी करून ठेवलाय तो बुद्धाचा अर्थ नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी विहारातून घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते.

कमळाची दुसरी जागा संबोधीनंतरची, म्हणजे ज्ञानप्राप्तीनंतरची. तिथे भगवंतांना वाटलं की हा धम्म खोल आहे, लोक आसक्तीत रमलेत, कुणाला सांगून काय उपयोग, त्रासच होईल. ग्रंथात असं येतं की मग ब्रह्मा सहंपतीने विनंती केली. ब्रह्मा वगैरे आपण मानत नाही, ते सोड, पण पुढची उपमा बघ. त्यांनी जगाकडे पाहिलं आणि त्यांना कमळांचं तळं दिसलं. काही कमळं अजून पाण्याच्या आतच आहेत, काही पाण्याच्या पातळीला टेकलीत, काही पूर्ण वर आलीत. तशी माणसं, कुणाच्या डोळ्यात धूळ कमी, कुणाच्या जास्त, कुणाला लवकर कळेल, कुणाला उशिरा. आणि हे बघूनच त्यांनी शिकवायचं ठरवलं.

मला यातली कुठली कमळं जवळची वाटतात सांगू? पाण्याखालची. मी दहावी झाले तेव्हा एकतिसाव्या वर्षात होते, तू पहिलीत होतीस आणि आपण दोघी एकाच दिव्याखाली अभ्यास करायचो आठवतंय का. तेव्हा मला लोक म्हणायचे आता या वयात कशाला. तळ्यातल्या त्या उपमेत पाण्याखालचं कमळ कमी दर्जाचं आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. ते पण कमळच आहे, फक्त अजून पाण्यात आहे. वर आलेल्यांना तर सांगायची फार गरज पण नव्हती.

आता एक अवघड जागा आहे आणि मी ती लपवणार नाही, कारण उद्या कुणी तुला दाखवली तर तुला वाटेल आईने सोयीचं तेवढंच सांगितलं. धम्मपदात पुप्फवग्गात, म्हणजे फुलांच्या प्रकरणात, दोन गाथा आहेत, यथा सङ्कारधानस्मिं उज्झितस्मिं महापथे, पदुमं तत्थ जायेथ सुचिगन्धं मनोरमं. हमरस्त्यावर टाकलेल्या उकिरड्यात जसं सुगंधी, मन रमवणारं कमळ उगवावं. आणि पुढच्या गाथेत म्हटलंय की तसा बुद्धाचा श्रावक, म्हणजे शिष्य, कचऱ्यासारख्या, आंधळ्या झालेल्या पुथुज्जनांमध्ये प्रज्ञेने उठून दिसतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मला वाटलं इथे पण तेच, इथे पण आपण कचरा.

पण पुथुज्जन कुणाला म्हणतात हे विचारल्यावर भंतेजींनी सांगितलं, ज्याने अजून मार्ग पाहिलेला नाही तो पुथुज्जन. त्यात जातपात नाही. राजा पुथुज्जन असतो, श्रीमंत व्यापारी असतो, मोठ्या स्टेजवरचा पाहुणा पण असू शकतो, मी तर आहेच. न जच्चा वसलो होति, जन्माने कुणी नीच होत नाही, हे ज्याने सांगितलं तो जन्मावरून कुणाला उकिरडा कसा म्हणेल. आणि ती प्रज्ञा, जिच्यामुळे श्रावक उठून दिसतो, ती मिळवायची असते. मला हे पटलं. तरी खरं सांगते, तो शब्द अजूनही थोडा खुपतो, आणि खुपला तर खुपू दे, आपण विचार करून मानणारी माणसं आहोत.

आता जे सांगायचंय ते मुलीला सांगायचंच असतं आईने, फक्त इतकी वर्षं मला ते कसं सांगू कळत नव्हतं. भगवंतांच्या भिक्खुणी संघात दोन अग्रश्राविका, म्हणजे सगळ्यात पुढच्या शिष्या, होत्या, खेमा आणि उप्पलवण्णा. उप्पलवण्णा म्हणजे निळ्या कमळाच्या रंगाची. श्रावस्तीच्या श्रीमंत घरातली मुलगी, दिसायला इतकी सुंदर की लग्नासाठी मोठमोठ्या घरांची रांग, आणि ती भिक्खुणी झाली, अरहंत झाली, म्हणजे सगळ्या तृष्णेतून मुक्त झाली. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या भाष्यात, तिची गोष्ट आहे. ती अंधवन नावाच्या जंगलात एकटी राहत होती तेव्हा तिच्याच नात्यातल्या एका माणसाने कुटीत लपून बसून तिच्यावर अत्याचार केला. आणि नंतर काय झालं माहितीये, चर्चा. भिक्खूंमध्ये चर्चा सुरू झाली की अरहंत झाले तरी शरीर तर शरीरच ना, त्यांना पण सुख वाटतच असेल. दोन अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि वाचताना वाटतं आजचीच आहे, जिच्यावर झालं तिच्याबद्दलच लोक बोलतात.

तेव्हा भगवंतांनी ती गाथा म्हटली, वारि पोक्खरपत्तेव, आरग्गेरिव सासपो, यो न लिम्पति कामेसु तमहं ब्रूमि ब्राह्मणं. कमळाच्या पानावर जसं पाणी, सुईच्या टोकावर जशी मोहरी, तसं ज्याला कामसुख चिकटत नाही त्याला मी ब्राह्मण म्हणतो. तिला डाग लागलेला नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, राजा पसेनदीशी बोलून भिक्खुणींसाठी नगराच्या आत राहायची जागा करवली. मला या गोष्टीतलं हे शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं, कारण तिला सहन कर म्हटलं नाही, राहायची व्यवस्था बदलली. कमळाच्या पानाची उपमा सगळे देतात, साधू देतात, नेते देतात, सुविचारात येते, पण आपल्याकडे ती एका अत्याचार झालेल्या बाईच्या बाजूने उभी राहिलेली उपमा आहे हे किती जणांना माहिती असतं. तुला माहिती असावं.

तू सायन्सवाली आहेस म्हणून तुझ्या भाषेतलं पण शोधून ठेवलंय मी, हसू नकोस. कमळाचं पान नुसतं गुळगुळीत आहे म्हणून पाणी घसरत नाही, उलट ते गुळगुळीत नसतंच. मायक्रोस्कोपखाली त्यावर बारीक बारीक उंचवटे दिसतात आणि त्यावर मेणाचा थर, त्यामुळे थेंब गोल होऊन टेकल्या न टेकल्यासारखा राहतो आणि घरंगळताना धूळ पण घेऊन जातो. विल्हेल्म बार्थलॉट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी यावर काम केलं, १९९७ मध्ये त्यांचा पेपर आला आणि त्याला लोटस इफेक्ट हे नाव पडलं. म्हणजे न चिकटण्यासाठी पान काही दगड झालेलं नसतं, ते फार नाजूक कारागिरीने बनलेलं असतं. तू परवा हाराकडे बघत बसलीस, तुला लागलं, याचा अर्थ तू कमी पडलीस असा होत नाही.

आणि आता चिखलाचं. मला चिखलाचा राग नाहीये बाळा. कमळाचा कंद चिखलातच राहतो, फूल कितीही वर गेलं तरी तो तिथून हलत नाही. तिथे खाली हवा नसते, तर पानं वरून हवा घेऊन देठातल्या पोकळ नळ्यांमधून खाली कंदापर्यंत पोचवतात. हे वाचलं तेव्हा मला तू आठवलीस, रविवारी दोन तास व्हिडिओ कॉल लावून गल्लीतल्या आठवीच्या पोरींना गणित शिकवतेस ती. आणि चिखल पण काही नुसता घेत नाही, तो सांभाळतो. जपानमध्ये चिबा इथे १९५१ मध्ये ओगा इचिरो या शास्त्रज्ञांना जमिनीखाली खोल जुन्या दलदलीच्या थरात कमळाच्या बिया सापडल्या, सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या. त्यातली एक रुजली आणि १९५२ च्या जुलैमध्ये तिला गुलाबी फूल आलं, त्या रोपाची पिढी आजही फुलते. दोन हजार वर्षं त्या बीला कुणी पाणी घातलं नाही, कुणी तिचं नाव घेतलं नाही, चिखलानेच तिला जिवंत ठेवलं.

त्यानंतर चारच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. या देशातून जवळजवळ दिसेनासा झालेला धम्म ज्या माणसांच्यात पुन्हा फुलला ती कोण होती? ज्यांना सगळे चिखल म्हणायचे तीच ना. आजी सांगायची की पांढरी साडी उसनी आणली होती आणि कडेवर तुझी मोठी आत्या होती. मला त्या बीची गोष्ट वाचली की आजीच आठवते. आता कुणी चिखल म्हटलं की पहिल्यासारखा माझा चेहरा उतरत नाही, राग येतो पण चेहरा उतरत नाही.

बाहेरच्या देशांत कमळ किती लांब गेलंय ते तर एका पत्रात मावणार नाही. महायान या बौद्ध शाखेच्या एका फार मोठ्या सूत्राचं नावच सद्धर्मपुंडरीक, कुमारजीवांनी ४०६ मध्ये त्याचा चिनी अनुवाद केला, आणि जपानमध्ये निचिरेन परंपरेतले लोक अजून नम म्योहो रेंगे क्यो म्हणतात त्यातलं रेंगे म्हणजे कमळच. तिबेटी लोकांच्या मणि पद्मे या मंत्रामध्ये पण तेच. प्रत्येकाने आपापला अर्थ काढलाय आणि सगळेच मला पटतात असं नाही, पण एक आवडलं, की कमळ उमलतं तेव्हाच त्याच्या मधोमध बियांचा गड्डा तयार असतो, फळासाठी फूल गळून पडायची वाट बघावी लागत नाही, म्हणून ते कारण आणि परिणाम एकत्र असल्याची खूण मानतात. आणि सारनाथच्या सिंहस्तंभाला चार सिंहांच्या खाली घंटेसारखा भाग आहे, ज्याला उलटं कमळ म्हणतात, २६ जानेवारी १९५० ला आपण राजमुद्रा घेतली तेव्हा तो खालचा भाग घेतला नाही. पुढच्या वेळी नोट हातात आली की बघ, सिंह आहेत, कमळ नाही.

तुझी चौथीची सहल आठवते का, अजिंठ्याची? मी पण आले होते बायांबरोबर. पहिल्या नंबरच्या लेण्यात अंधार होता, तू माझा पदर धरून होतीस, आणि मागच्या भिंतीवर डावीकडे तो पद्मपाणी, हातात निळं कमळ घेतलेला. पाचव्या शतकाच्या शेवटाकडचं चित्र ते. तू मला विचारलंस आई तो फुलाकडे का बघत नाहीये. मला उत्तर आलं नव्हतं, मी म्हटलं असेल काहीतरी. त्याचे डोळे खाली झुकलेत, फूल हातात सैल धरलंय जसं काही आपण धरलंय हे तो विसरलाय. आता इतक्या वर्षांनी उत्तर देते, पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर, आणि त्याच्या नावातच बघणं आहे, तो दुःखात असलेल्यांकडे खाली बघतो, त्यांना सोडून एकटा पुढे जायचं नाही असं ठरवलेला बोधिसत्व आहे तो. फुलाकडे बघायला त्याला वेळ नाही.

आणि राहिली ती गाथेची शेवटची ओळ. पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं. हे माझं फूल जसं कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. लहानपणी मला वाटायचं फुलं वाहताना असं अभद्र कशाला म्हणायचं. मग ती सोनाराच्या मुलाची गोष्ट ऐकली. भगवंतांचे पट्टशिष्य सारिपुत्त, त्यांचा एक तरुण शिष्य होता, पूर्वाश्रमीचा सोनाराचा मुलगा. त्याला शरीराच्या अशुभाचं ध्यान दिलं, म्हणजे देहात किती घाण आहे त्यावर चित्त लावायचं. महिने गेले, चित्त काही लागेना. सारिपुत्त त्याला भगवंतांकडे घेऊन गेले. भगवंतांनी ओळखलं की हा सोन्यात, सुंदर वस्तूंत वाढलेला, याला घाण दाखवून काही होणार नाही. त्याला एक सोन्यासारखं कमळ दिलं आणि वाळूत रोवून त्याच्याकडे बघत बस म्हणाले. त्याचं चित्त लगेच स्थिर झालं. मग त्याच्या डोळ्यांसमोर ते कमळ कोमेजायला लागलं, रंग गेला, पाकळ्या गळल्या, आणि जे त्याला महिनोन्महिने कळत नव्हतं ते कळलं.

खरं कमळ पण तीन चार दिवसांचंच असतं, सकाळी उमलतं, रात्री मिटतं, परत उमलतं, आणि मग पाकळ्या गळतात. कमळ म्हटलं की आपल्याला फक्त स्वच्छ, सुंदर, वर आलेलं एवढंच आठवतं, पण भगवंतांनी त्या मुलाला त्याचं कोमेजणं दाखवलं. कुणी तुला कमळ म्हणालं तर त्यात हे कोमेजणं पण आलं, आणि कोमेजणार तर मी पण, ते पाहुणे पण, तो हार पण.

त्या पाहुण्यांना काही बोलायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर कदाचित बोलले नसते, पण तू माझ्यापेक्षा धीट आहेस. बोललीस तर भांडू नको, दोण सुत्त सांग, आणि शांतपणे विचार की सर, शुद्धोदनाच्या वाड्यात चिखल कुठे होता.

बाबांना व्हिडिओ दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले तिचा स्टेजवरचा फोटो मागव, मोठा करून लावू. तू म्हणशील त्यात मी हसत नाहीये. तोच पाठव, मान खाली घातलेला. भिंतीवर आजीच्या फोटोशेजारची जागा मी पुसून ठेवली आहे.

तुझी
आई